२४ व्होल्टच्या पॅनेलमध्ये बक मोड्यूल पुन्हा पुन्हा जातं? आयसी बदलण्याआधी कॉइल तपासा

पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे मेन्सवरून डीसी देणारा पॉवर सप्लाय आहे. त्यावर एलएम२५९६ या व्होल्टेज उतरवणाऱ्या (बक) आयसीचं छोटं मोड्यूल लावून ५ व्होल्ट काढले आहेत आणि त्या ५ व्होल्टवर कंट्रोलर, डिस्प्ले, मोडेम असा दीड-दोन अँपिअरचा लोड चालतो. टेबलावर सगळं व्यवस्थित असतं. तेच पुण्याजवळच्या भोसरी किंवा चाकणच्या कारखान्याच्या शेडमध्ये बसवलं की काही दिवसांत तक्रारी सुरू होतात. दुपारी कंट्रोलर आपोआप रिसेट होतो, मोड्यूलमधून बारीक शिट्टी येते, कॉइलला बोट टेकवत नाही आणि शेवटी एक दिवस आयसी शॉर्ट होतो. मग पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून नवं मोड्यूल येतं, बसतं आणि महिन्याभरात तेही त्याच वाटेने जातं.

अशा वेळी आयसीला दोष देणं सोपं असतं, कारण जळलेला दिसतो तो तोच. पण मूळ दुखणं बहुतेक वेळा इंडक्टरचं, म्हणजे कॉइलचं असतं. मोड्यूलवरची कॉइल तिच्यातून जाणाऱ्या शिखर करंटला पुरत नाही, किंवा पॅनेलमधल्या दुसऱ्याच एखाद्या कॉइलचा झटका या मोड्यूलवर येतो. दोन्ही गोष्टी मोजून सिद्ध करता येतात आणि दोन्हींवर कायमचा इलाज आहे.

कॉइल इथे नेमकं काय करते

इंडक्टर करंटला विरोध करत नाही, करंटमधल्या बदलाला विरोध करतो. त्याच्या दोन टोकांमध्ये जेवढा व्होल्टेज असेल, त्याला इंडक्टन्सने भागलं की करंट दर सेकंदाला किती वेगाने वाढेल ते मिळतं. १०० मायक्रोहेन्रीच्या कॉइलवर १० व्होल्ट लावले तर करंट दर मायक्रोसेकंदाला ०.१ अँपिअरने चढतो. व्होल्टेज उलटा झाला की त्याच नियमाने उतरतो. एका क्षणात तो चढतही नाही, तुटतही नाही. जोराने तोडलात तर कॉइल स्वतःच हवा तेवढा व्होल्टेज तयार करते आणि करंट चालू ठेवायला पाहते. ही शेवटची गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

बक कन्व्हर्टरमध्ये आयसीच्या आतला स्विच चालू असताना कॉइलवर २४ वजा ५, म्हणजे १९ व्होल्ट येतात आणि करंट चढतो. स्विच बंद झाला की करंट डायोडमधून वाट काढतो, कॉइलवर उलटे ५ व्होल्ट येतात आणि करंट उतरतो. लोडला मिळतो तो या चढउताराचा सरासरी करंट. चढउतार किती असेल हे तीन गोष्टींवर ठरतं: व्होल्टेज, इंडक्टन्स आणि स्विचिंगची फ्रिक्वेन्सी.

अस्सल एलएम२५९६ नाममात्र १५० किलोहर्ट्झवर चालतो. मोड्यूलवर बहुधा ३३ किंवा ४७ मायक्रोहेन्रीची कॉइल असते, वर ३३० किंवा ४७० छापलेलं असतं. ३३ मायक्रोहेन्री धरून हिशेब करू. २४ चे ५ करताना स्विच साधारण २१ टक्के वेळ चालू राहतो, म्हणजे १.४ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात १९ व्होल्टवर करंट ०.८ अँपिअर चढतो. २ अँपिअरच्या लोडवर शिखर २.४ अँपिअर. अशा आकाराच्या कॉइलची सॅच्युरेशनची मर्यादा, म्हणजे ज्या करंटच्या पुढे तिचा इंडक्टन्स कोसळतो ती, साधारण अडीच-तीन अँपिअरच्या आसपास असते. म्हणजे काम भागतं, पण हाताशी फारसं काही उरत नाही.

फ्रिक्वेन्सी आधी मोजा

बाजारात असे आयसी सर्रास सापडतात, ज्यांच्यावर एलएम२५९६ छापलेलं असतं पण जे ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. एलएम२५७६ या जुन्या आयसीची फ्रिक्वेन्सी ५२ किलोहर्ट्झ आहे आणि हे आयसी वागतात नेमके तसेच. त्यांचा आउटपुट व्होल्टेज बरोबर येतो, रिकाम्या किंवा हलक्या लोडवर काहीही वावगं दिसत नाही, म्हणून दुकानात तपासून घेतलं तरी कळत नाही.

आता वरचा हिशेब ५० किलोहर्ट्झला करा. स्विच चालू असण्याचा वेळ तिप्पट, म्हणून करंटची चढणही तिप्पट, २.४ अँपिअर. २ अँपिअरच्या लोडवर शिखर ३.२ अँपिअर. कॉइल सॅच्युरेट झाली. मोड्यूलवरची कॉइल १५० किलोहर्ट्झसाठी निवडलेली आहे आणि वर बसलेला आयसी वेगळ्याच जातीचा आहे. वारंवार उडणाऱ्या मोड्यूलमध्ये सगळ्यात आधी हेच तपासावं.

मोजायला सोपं आहे. आयसीचा २ क्रमांकाचा पाय हा आउटपुट, म्हणजे जिथे डायोडची पट्टीकडची बाजू आणि कॉइलचं एक टोक जोडलेलं असतं तो बिंदू. तिथे स्कोपचा प्रोब लावा, प्रोबची ग्राउंड क्लिप ३ क्रमांकाच्या पायाला. स्कोप नसेल तर फ्रिक्वेन्सी मोजणारा मल्टिमीटर चालतो. मात्र किमान दीड अँपिअरचा लोड लावूनच मोजा. हलक्या लोडवर करंट प्रत्येक चक्रात शून्यावर येतो, त्या बिंदूवर रिंगिंग होतं, म्हणजे व्होल्टेज वरखाली झुलत राहतो, आणि मीटर भलतेच आकडे दाखवतो. लोड म्हणून १० ओहम, १० वॅटचे चार रेझिस्टर समांतर जोडले की ५ व्होल्टवर नेमके २ अँपिअर मिळतात.

२५ अंश तापमानाला १२७ ते १७३ किलोहर्ट्झमध्ये आकडा आला तर आयसी आपल्या मर्यादेत आहे. ५०-५५ आला तर निदान जवळपास झालंच.

एलसीआर मीटर इथे फसवतो

पुष्कळ जण कॉइल काढून इंडक्टन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर धरतात, ३३ मायक्रोहेन्री दिसतात आणि कॉइल चांगली म्हणून परत बसवतात. मीटर खोटं सांगत नाही, पण तो काही मिलिअँपिअरवर मोजतो. सॅच्युरेशन हा भारी करंटवरचा आजार आहे. गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र मर्यादेला पोचलं की पुढच्या करंटला गाभ्याची मदत मिळत नाही, इंडक्टन्स कोसळतो आणि करंट उभ्या भिंतीसारखा चढतो. करंट कमी झाला की कॉइल पुन्हा पहिल्यासारखी. त्यामुळे बाहेर काढलेल्या कॉइलवर याचा मागमूस राहत नाही. ओहमवर तर काहीच कळत नाही. चांगली कॉइल आणि दोन-चार वेढे शॉर्ट झालेली कॉइल, दोन्ही शून्याच्या जवळच दाखवतात.

खरं चित्र चालू सर्किटमध्येच दिसतं. कॉइलचं आउटपुटकडचं टोक सोडवा आणि तिथे ०.१ ओहमचा, ३ वॅटचा रेझिस्टर मालिकेत जोडा. तारा आखूड ठेवा. स्कोपचे दोन चॅनेल त्याच्या दोन टोकांना लावून वजाबाकी पाहा. एका चॅनेलची ग्राउंड क्लिप रेझिस्टरच्या टोकाला लावू नका; एसएमपीएसचं ऋण टोक अर्थला जोडलेलं असेल तर स्कोपमधूनच शॉर्ट होईल. दर १०० मिलिव्होल्ट म्हणजे १ अँपिअर.

निरोगी कॉइलचा आलेख सरळ कडांचा त्रिकोण असतो. चढत्या कडेचं टोक वरच्या बाजूला आकड्यासारखं वळलेलं दिसलं तर कॉइल सॅच्युरेट होते आहे, यात शंका ठेवू नका. लोड अर्ध्या अँपिअरपासून टप्प्याटप्प्याने वाढवा आणि वळण कुठे सुरू होतं ते लिहून ठेवा. मग हेअर ड्रायरने कॉइल ७०-८० अंशांपर्यंत तापवून पुन्हा पाहा. वळण आधीच सुरू होईल.

टेबलावर चालणारं मोड्यूल शेडमध्ये का मरतं, याचं उत्तर या शेवटच्या चाचणीत आहे. पॉवरसाठी वापरल्या जाणाऱ्या फेराइटची सॅच्युरेशनची मर्यादा २५ अंशांना साधारण ०.५ टेस्ला असते, १०० अंशांना ती ०.४ च्याही किंचित खाली येते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनेलमध्ये हवा त्याहून बरीच गरम असते आणि १० वॅटच्या आउटपुटला हे मोड्यूल स्वतःच दोन-अडीच वॅट उष्णता टाकतं. तांब्याचा रेझिस्टन्सही २५ वरून १०० अंशांवर गेला की जवळपास ३० टक्क्यांनी वाढतो. कॉइल तापली की मर्यादा खाली येते, शिखर करंट वाढतो, त्याने आयसी आणि कॉइल आणखी तापतात. आयसीतलं थर्मल शटडाउन काही वेळ सांभाळून घेतं, त्यालाच आपण दुपारचे रिसेट म्हणून ओळखतो. रोज तसंच चालू राहिलं तर स्विच कायमचा जातो. बंद होण्याआधी तो शॉर्ट झाला तर २४ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या लाइनवर जातात आणि कंट्रोलरही सोबत नेतात.

शिट्टीबद्दल थोडं. १५० काय, ५० किलोहर्ट्झही कानाला ऐकू येत नाही. शिट्टी येते म्हणजे सर्किट त्याहून खूप खालच्या फ्रिक्वेन्सीला हेलकावे खातं आहे. जास्त करंट झाला की एलएम२५९६ स्वतःची फ्रिक्वेन्सी खाली आणतो, हे एक कारण. दुसरं कारण आउटपुट कपॅसिटर. कोणी सुधारणा म्हणून इलेक्ट्रोलिटिक काढून फक्त सिरॅमिक लावला असेल तर ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) फार कमी होऊन आयसीचं व्होल्टेज सांभाळणं अस्थिर होतं. या आयसीला थोडा ईएसआर लागतोच. कॉइलवर गरम गोंद ओतून आवाज दाबू नका. कारण तसंच राहतं आणि गोंद तापून वितळतो.

इलाज

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे खात्रीच्या विक्रेत्याकडून अस्सल आयसी घेणं आणि सोबत ४७ मायक्रोहेन्रीची, शिल्डेड, किमान ४.५ अँपिअर सॅच्युरेशनची कॉइल लावणं. ४.५ का? कारण एलएम२५९६ ची करंट लिमिट सर्वसाधारणपणे तिथे बसते. आउटपुट शॉर्ट झालं तरी कॉइल सॅच्युरेट न होता आयसीला स्वतःला वाचवायला अवधी मिळतो. खरेदी करताना कॉइलचे दोन करंट वेगवेगळे विचारा. एक तापण्याचा, ज्यावर कॉइल ठरावीक अंशांनी, बहुधा ४०, गरम होते. दुसरा सॅच्युरेशनचा, ज्यावर इंडक्टन्स १० ते ३० टक्क्यांनी पडतो. जाहिरातीत दोघांपैकी मोठा आकडा लिहिलेला असतो, आपण हिशेब लहान आकड्यावर करायचा.

५० किलोहर्ट्झवाला आयसीच वापरावा लागणार असेल तर कॉइल १०० मायक्रोहेन्रीची हवी. मग चढउतार पुन्हा ०.८ अँपिअरच्या आत येतो. आउटपुटला १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, लो ईएसआर कपॅसिटर लावा आणि लोड २ अँपिअरच्या वर नेऊ नका. ही कॉइल मोड्यूलच्या जागेत मावणार नाही हे आधीच समजून घ्या. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा म्हणजे इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग, त्याचं निम्मं. ३३ मायक्रोहेन्री ३ अँपिअरला सुमारे १५० मायक्रोज्यूल, १०० मायक्रोहेन्री ४ अँपिअरला ८००. ऊर्जा पाचपट, तर गाभाही मोठाच लागणार. त्याच चिमुकल्या आकारात १०० मायक्रोहेन्री मिळाली तर ती बारीक तारेने गुंडाळलेली असते आणि तिची सॅच्युरेशन मर्यादा आधीच्या कॉइलपेक्षाही खाली असते. असा बदल करून दुखणं वाढतं.

स्वतः गुंडाळायची असेल तर टी१०६-२६ हा लोखंडी भुकटीचा टोरॉइड घ्या: पिवळा रंग, एक बाजू पांढरी, बाहेरचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर. याला एका वेढ्याला ९३ नॅनोहेन्री धरतात आणि इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो. २० गेजची इनॅमल तार, ३८ वेढे, एकाच थरात. मीटरवर साधारण १३४ मायक्रोहेन्री दिसतील. मुद्दामच जास्त घेतले आहेत, कारण भुकटीच्या गाभ्यात डीसी करंट वाढला की इंडक्टन्स हळूहळू उतरतो आणि २ अँपिअरच्या कामात तो १०० च्या आसपास येतो. फेराइटसारखा तो एकदम कोसळत नाही, म्हणून गरम पॅनेलसाठी हा गाभा जास्त विश्वासाचा. तार दीड मीटरच्या आसपास लागते, टोकांना वेगळी सोडा. शेवटचा वेढा पहिल्या वेढ्यावर चढू देऊ नका, दोघांमध्ये थोडी फट ठेवा.

जुन्या पीसीच्या एसएमपीएसमधून टोरॉइड काढणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की करावी. रंगावर विसंबू नका. १० वेढे गुंडाळा आणि मोजा. ९ मायक्रोहेन्रीच्या आसपास आले तर गाभा कामाचा. आकडा शेकड्यात गेला तर तो मेन्स फिल्टरचा, कॉमन मोड चोकचा फेराइट आहे. तिथे दोन वेढ्यांचे करंट एकमेकांचं क्षेत्र खोडतात म्हणून तो चालतो. बकमध्ये तो एक अँपिअरही न गाठता सॅच्युरेट होईल. हिरवे टोरॉइड बहुधा या जातीचे निघतात आणि मीटरवर इंडक्टन्स भरघोस दिसतो म्हणून माणूस नेमका तोच उचलतो.

बसवताना कॉइल पॅनेलच्या लोखंडी प्लेटला टेकवू नका आणि फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटचा व्होल्टेज आयसीला कळवणाऱ्या ट्रॅकपासून लांब ठेवा. डायोड एसएस३४ असेल तर तोही २ अँपिअरला चांगलाच तापतो; शक्य असेल तर एसएस५४ लावा. शेजारच्या डायोडची उष्णता घेऊन तापलेल्या कॉइललाच कधी कधी दोषी ठरवलं जातं.

कॉइल चांगली आहे, तरीही मोड्यूल उडतं

मग २४ व्होल्टच्या लाइनवर आणखी कोणत्या कॉइल आहेत ते बघा. सोलेनॉइड व्हॉल्व्ह, रिले, ब्रेक. यांचा करंट तुटला की कॉइल व्होल्टेज उसळवते, हे वर आलं आहे. त्यावर डायोड नसेल तर तो झटका लाइनवर पसरतो. एलएम२५९६ चा इनपुट ४० व्होल्टपर्यंत वापरायचा आहे आणि ४५ ही त्याची अंतिम मर्यादा. प्रत्येक डीसी कॉइलवर १एन४००७ लावा, पट्टीची बाजू धनेकडे, आणि तो कॉइलच्या टर्मिनलवरच बसवा. पॅनेलकडच्या टोकाला लावला तर मधल्या लांब तारा उघड्याच राहतात. डायोडमुळे व्हॉल्व्ह सुटायला थोडा उशीर होतो. वेळ महत्त्वाची असेल तर त्या डायोडच्या मालिकेत झेनर डायोड जोडा. २३० व्होल्ट एसीच्या काँटॅक्टरवर मात्र डायोड कधीही नाही, तो एका अर्ध्या चक्राला थेट शॉर्ट असतो. तिथे ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा, मेन्ससाठी बनवलेला स्नबर (मालिकेतला कपॅसिटर आणि रेझिस्टर) लावतात.

मोड्यूलच्या इनपुटला एसएमबीजे२४ए हा टीव्हीएस, म्हणजे झटका गिळणारा डायोड जोडा. तो ठरलेल्या पल्सला ३८.९ व्होल्टवर रोखतो, म्हणजे ४० च्या आत. एसएमपीएसचा ट्रिम पॉट (व्होल्टेज जुळवायचा स्क्रू) कोणी २७-२८ वर फिरवून ठेवला असेल तर आधी २४ वर आणा, नाहीतर हाच टीव्हीएस तापून जाईल.

दुसरा झटका तारेतूनच येतो. जाणारी-येणारी तार धरून दर मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतोच. इनपुटला फक्त सिरॅमिक कपॅसिटर असेल आणि २४ व्होल्टचा प्लग चालू असताना खुपसला, तर तार आणि कपॅसिटर मिळून रिंगिंग करतात आणि व्होल्टेज क्षणभर दुपटीच्या जवळ जातो. ४५ ची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. १०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक मोड्यूलच्या इनपुट टोकांवर सोल्डर करा, त्याचा ईएसआर हे रिंगिंग जिरवतो. मोड्यूलवर आधीच असलेला कपॅसिटर ३५ व्होल्टचा असेल तर तो बदला.

एवढं झालं की मोड्यूलवरचा ट्रिम पॉटही काढून टाका. त्याचा सरकता संपर्क सुटला तर फीडबॅकला व्होल्टेज मिळत नाही आणि आउटपुट जवळपास इनपुटइतकं चढतं. फीडबॅकपासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर मोजा. तो ३३० ओहमचा असेल तर पॉटच्या जागी १ किलोओहम, १ टक्क्याचा रेझिस्टर लावल्यावर ४.९६ व्होल्ट मिळतात.

शेवटची चाचणी पॅनेल बंद करून घ्या, दार उघडं ठेवून नाही. २ अँपिअरचा रेझिस्टर लोड पॅनेलबाहेर ठेवा, थर्मोकपल कॉइलच्या वेढ्यांत खोचा आणि तापमान स्थिर होईपर्यंत चालवा. बाहेर ४० अंश धरून कॉइल ९० च्या आत राहायला हवी. हिवाळ्यात २० अंशांना चाचणी घेत असाल तर वाचलेल्या आकड्यात २० मिळवा आणि मग ठरवा.